वाल्मीकी, एक जर्मन आणि मध्येच हरवलेला वायान लिंबाक

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर युद्ध पेटलंय. विषय ना राजकारण, ना कुणाचं लग्न, ना गावाकडची जमीन. विषय आहे बालीतला एक नाच! दोन्ही बाजूंनी मला आपल्याकडे ओढून पाहिलं, मी "शनिवारी बोलू" म्हणून टाळलं, आणि आता विकांत उजाडल्यावर चहाचा दुसरा कप घेऊन इथे लिहायला बसलोय. ग्रुपवर लिहिलं असतं तर काकांनी जोडलेले हात टाकून विषय संपवला असता. आणि मला तो संपवायचा नाहीये, कारण मला दोन्ही बाजूंचा राग आलाय.

तर झालं असं. मागच्या वर्षी आई-बाबा, मोठे काका-काकू आणि मी असे बालीला जाऊन आलो. (हो, सगळे जातात तसेच. २०२३ साली तिथे गेलेल्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल आपलाच नंबर होता, तेव्हा काही जगावेगळं केल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.) उलुवातूच्या देवळाजवळ, समुद्रावरच्या उंच कड्यावर रोज संध्याकाळी 'केचक' होतो. तो आम्ही पाहिला. तिकीट दीड लाख. घाबरू नका, रुपिया! काकांनी सगळा वेळ मोबाईल उंच धरून चित्रीकरण केलं, मागच्या दोन रांगांच्या शिव्या खाल्ल्या, आणि परवा त्यातली दोन मिनिटं ग्रुपवर टाकली. सोबत मजकूर असा की मुस्लिम देशानं आपलं रामायण हजारो वर्षं जसंच्या तसं जपलंय, आपण मात्र विसरलो, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. थोडक्यात, ढकलपत्र.

दहा मिनिटांत चुलतभावाचं उत्तर आलं. हा आमच्या घरातला वाचणारा. त्याचं म्हणणं, काका, यात प्राचीन काहीही नाही, १९३० च्या सुमारास एका जर्मन चित्रकारानं टुरिस्टांसाठी बसवलेला शो आहे हा, तुम्ही पैसे मोजून एका गोऱ्याची कल्पना बघून आलात.

आता बोला!

आधी हा नाच आहे तरी काय ते सांगतो, कारण दोघांच्या भांडणात तोच हरवलाय.

सूर्य मावळायच्या सुमाराला पन्नास ते शंभर पुरुष येतात. अंगावर कपडा नाही, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं 'पोलेंग'. मध्ये अनेक वातींचा दिवा, आणि त्याच्याभोवती एकात एक वर्तुळं करून हे सगळे मांडी घालून बसतात. वाद्य एकही नाही. ढोल नाही, घंटा नाही, गामेलान नाही. जे काही वाजतं ते गळ्यातून. एक जण ठोका धरून ठेवतो, एक जण गामेलानच्या घंटांची नक्कल करत सूर फिरवतो, आणि बाकीचे 'चक' म्हणतात. फक्त चक. पण सगळे एकदम नाही. काही ठोक्यावर, काही ठोक्याच्या किंचित आधी, काही किंचित नंतर. एकट्या माणसाचं ऐकलं तर ते तुटकं, अर्धवट, जवळजवळ विनोदी वाटतं. सगळ्यांचं एकमेकांत बसलं की मधली एकही फट उरत नाही आणि कड्यावर एक सलग, खवळलेला आवाज उभा राहतो. गामेलानमध्येही असंच असतं: एक चाल दोन वादक वाटून घेतात, एकाच्या स्वरांमधल्या जागा दुसरा भरतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर शंभर थ्रेड, एकही लॉक नाही, आणि डेडलॉकही नाही. मी दहा वेळा प्रयत्न करूनही बाबांबरोबर दोघांत ते जमवू शकलेलो नाही. बाबा माझ्या ठोक्यावर येतात.

या वर्तुळाच्या मधल्या जागेत रामायण घडतं. सोन्याचं हरीण येतं, सीतेचं हरण होतं, हनुमान येतो, त्याच्याभोवती नारळाची सोडणं पेटवतात आणि तो ती लाथेनं उडवतो. बसलेले पुरुष कधी वानरसेना होतात, कधी वारा, कधी आग. इंग्रजी पत्रकांत याला 'माकडांचा नाच' म्हणतात तो त्यामुळे.

गंमत अशी की माकडं नंतर आली.

हा 'चक' मुळात सांगह्यांग नावाच्या विधीतला आहे. गावात साथ आली, काही वाईट घडायला लागलं, की गाव सांगह्यांग करायचं. त्यातल्या सांगह्यांग देदारीत वयात न आलेल्या दोन मुलींना धुपाच्या धुरात बसवतात, बायका गाणी म्हणतात, पुरुष 'चक' धरतात, आणि मुलींच्या अंगात येतं. अंगात येणं म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, आपल्या गावच्या जत्रेत पाहिलेलं असतंच. 'देदारी' हा शब्द म्हणजे आपली 'विद्याधरी', झिजून झालेली. त्या मुली डोळे मिटून नाचतात, आणि गावाला वाटतं की देवता येऊन गेल्या, आता निभावेल. त्यात राम नाही, सीता नाही, रावण नाही. होता तो फक्त आवाज, आणि तो गावाची पीडा घालवण्यासाठी होता.

मग १९३० चं दशक. बाली डच अमलाखाली जाऊन फार काळ लोटलेला नव्हता. १९०६ साली बादुंगचे आणि १९०८ साली क्लुंगकुंगचे राजघराण्यातले लोक, बायकामुलांसकट, शरण जाण्यापेक्षा डच बंदुकांसमोर चालत गेले होते. त्यानंतर वीस वर्षांत त्याच डचांनी बेटाची 'जपून ठेवलेली नंदनवन' अशी जाहिरात करून बोटी भरभरून प्रवासी आणायला सुरुवात केली. (हा भाग ग्रुपवर कुणीच लिहिला नाही. ढकलपत्रात बसत नाही ना!) १९२७ साली वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार तिथे येऊन राहिला. उत्तम चित्रकार, वादक, आणि बालीच्या नाचांवर मनापासून जीव असलेला माणूस. बेदुलु गावात वायान लिंबाक नावाचा एक नर्तक होता. सांगह्यांगच्या चक गटात राहून त्यानं 'बारिस' या योद्ध्यांच्या नाचातल्या हालचाली त्यात आणल्या. श्पीसला ते भयंकर आवडलं, त्यानं प्रोत्साहन दिलं, त्यात रामायणाची गोष्ट ओवली गेली, आणि विधीबाहेर बघायचा असा नाच उभा राहिला. बेदुलुबरोबर बोना गावाचंही नाव या जन्मकथेत येतं. पुढे काय झालं? श्पीसला डचांनी १९३८ साली समलिंगी संबंधांच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं, युद्धात जर्मन म्हणून पुन्हा कैद केलं, आणि १९४२ च्या जानेवारीत कैद्यांना इकडे हिंदुस्थानाकडे आणणाऱ्या बोटीवर जपानी बॉम्ब पडून तो बुडाला. लिंबाक शंभरी ओलांडून २००३ साली गेला.

झाली हकिगत. आता काका.

काका, तुम्ही म्हणता 'हजारो वर्षं', आणि मागच्या वर्षी तिथे बसून मीही तुम्हाला हेच सांगितलं होतं. हातातल्या पत्रकावर 'प्राचीन' छापलेलं होतं आणि मी ते अक्षरशः वाचून दाखवलं, ही माझी चूक. पण तुमचं 'जसंच्या तसं' कुठून आलं? तुम्हीच तिथे बसून कुरकुरत होतात! राम आणि लक्ष्मणाची कामं मुली करत होत्या, त्यावर तुम्ही म्हणालात, "अरे, पुरुष मिळाले नाहीत का यांना?" तिथे नाजूक, संथ चालीच्या पात्रांसाठी मुली घेतात, तो त्यांचा सौंदर्याचा नियम आहे. हनुमान प्रेक्षकांत येऊन एका ऑस्ट्रेलियन बाईशेजारी बसला आणि तिची टोपी घालून पाहिली, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लंकेचं नाव अलेंगका. सीतेची सोबतीण त्रिजटा, तर ती तिकडच्या काव्यात चक्क विभीषणाची मुलगी.

आणि हे चुकून झालेलं नाही. जावात जुन्या जावानीज भाषेतलं रामायण-काव्य साधारण नवव्या शतकातलं आहे. प्रंबाननच्या देवळावर रामकथा कोरली गेली ती त्याच शतकात. पण त्या कवीनं पुढ्यात ठेवलं होतं ते वाल्मीकींचं नव्हे, तर बऱ्याच अंशी भट्टीचं काव्य, जे स्वतःच वाल्मीकींच्या गोष्टीवर नंतर रचलेलं. म्हणजे आपल्याकडून निघाली तेव्हाच ती गोष्ट एकदा बदललेली होती; तिथल्या कवींनी, कळसूत्रकारांनी, नाचणाऱ्यांनी ती हजार वर्षं आपल्या हातानं बदलली. आमच्याकडे कुणी मूळ कोड घेऊन हजार वर्षं त्यावर स्वतः काम केलं, तर त्याला 'वा, आमचं कोड छान जपलंत' असं म्हणणारा माणूस मीटिंगमधून बाहेर काढला जाईल.

बरं, 'मुस्लिम देशात' हेही तसंच. इंडोनेशियात मुस्लिम बहुसंख्य आहेत, बालीत हिंदू. मग बालीच्या हिंदूंनी रामकथा नाचली यात चमत्कार कसला? चमत्कार पाहायचा असेल तर जावात जा. प्रंबाननच्या देवळासमोर १९६१ पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतं आणि तिथे नाचणारे बहुतेक मुस्लिम असतात. ते 'आपलं' काही जपत नाहीयेत. ते त्यांचं नाचतायत, त्यांच्या आजोबांनी बाहुल्यांच्या खेळात रात्रभर बसून पाहिलेलं. तुमच्या मजकुरात त्या माणसाला आपण थेट राखणदार करून टाकलं: मालक भारतात, हा तिकडे किल्ल्या सांभाळतोय. आणि खरं सांगू का काका, आपलं स्वतःचं जे रामायण डोळ्यासमोर येतं ते १९८७ सालच्या रविवार सकाळचं आहे. मुकुट, बाण, सगळं. आपल्याला तर शंभर वर्षंही झालेली नाहीत!

हे वाचून चुलतभाऊ खूश होत असणार. थांब जरा. तुझं जास्त डोक्यात गेलंय.

काका निदान प्रेमानं चुकले. तू हुशारीनं चुकलास. तुझ्याकडे सगळी माहिती होती: साल होतं, श्पीस होता, विकिपीडियाचं पान तर तू मला दुव्यासकट पाठवलंस. त्याच पानावर लिंबाकचं नाव आहे. ते तू वाचलंस आणि ग्रुपवर लिहिताना गाळलंस. कारण 'एका जर्मनानं बनवलं' हे वाक्य टाळीचं आहे. 'बेदुलुच्या एका नर्तकानं आपल्या गावच्या विधीतला आवाज घेऊन, दुसऱ्या नाचातल्या हालचाली मिसळून, एका जर्मन मित्राच्या सल्ल्यानं आणि गावच्या पुरुषांना घेऊन बसवलं' या वाक्यावर टाळी पडत नाही. श्पीसनं तो आवाज शोधला नाही, तो तिथे होता. शंभर गळे एकमेकांत कसे बसवायचे हे त्यानं शिकवलं नाही, ते गामेलानवाल्या गावांना हातापायासारखं येत होतं. त्यानं बाहेरचा डोळा दिला, आणि प्रेक्षक दिला. ते छोटं काम नाही, मान्य. पण एखाद्या दिग्दर्शकानं लावणीचा कार्यक्रम नव्यानं बसवला तर लावणी त्याची होते का?

आणि समजा पूर्ण नवा असता, तरी काय बिघडलं? तुझ्या हिशोबात वय नसलं की वस्तू खोटी. मग सार्वजनिक गणेशोत्सव घे. घरचा गणपती जुना, पण मांडवातला, वर्गणीचा, मिरवणुकीचा गणपती १८९३ च्या सुमाराचा, आणि तो कुणी, का, कोणत्या हेतूनं सुरू केला हे शाळेतलं पोर सांगेल. विसर्जनाच्या रात्री तू अलका चौकात घसा बसेपर्यंत ओरडत असतोस, तेव्हा कुणी कानात येऊन म्हणालं, की हे तर नुसतं ठरवून सुरू केलेलं आहे, तर तू त्याला काय म्हणशील? मी इथे लिहू शकत नाही. :-) केचक याच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान, एवढाच फरक. घरातला विधी चौकात आला, त्याचा आकार बदलला, त्यात पैसा आला, थोडा बटबटीतपणा आला. दोन्हीकडे.

पैशाचं म्हणशील तर हो, ते पैशासाठी करतात. आम्ही पाहिला तो प्रयोग थोडा कंटाळलेलाही होता. मागच्या वर्तुळातला एक जण जांभई देत 'चक' म्हणत होता, मी पाहिलं. संपल्यावर गाड्यांच्या तळाजवळ एक जण भेटला, पोलेंगवर टी-शर्ट चढवून सिगारेट पेटवत होता. दिवसा हॉटेलात काम, संध्याकाळी चक. मोडक्या इंग्रजीत म्हणाला की सुरुवातीचे दोन महिने घसा बसतो, मग सवय होते. हा माणूस खोटा आहे का? तू सोमवार ते शुक्रवार पगारासाठी जे करतोस ते खोटं आहे का? १२ ऑक्टोबर २००२ ला कुटात बॉम्ब फुटले, २०२ माणसं मेली, आणि पर्यटक पळाले. २०२० मध्ये करोनानं पुन्हा तेच केलं, नुसतं कुटा नाही, सगळं बेट ओस पडलं. अशा वेळी समोरच्या पायऱ्या रिकाम्या राहणं म्हणजे काय, हे आपण इथे बसून 'टुरिस्ट ट्रॅप' म्हणताना जरा आठवलेलं बरं.

आणि ज्या मुद्द्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं तो हा, की हा प्रश्न बालीच्या लोकांनी आपल्या दोघांच्या खूप आधी स्वतःला विचारलेला आहे. १९७१ साली, पर्यटन वाढायला लागल्यावर, तिथल्या जाणकारांनी परिसंवाद भरवून नाचांचे तीन भाग पाडले: 'वाली' म्हणजे पूजेचा भाग असलेले, 'बेबाली' म्हणजे पूजेच्या सोबतीचे, आणि 'बालिह-बालिहान' म्हणजे बघायचे, करमणुकीचे. २०१५ साली युनेस्कोच्या यादीत बालीची नऊ नृत्यं गेली, याच तीन भागांत मांडून. त्यात सांगह्यांग देदारी आहे. केचक नाही! जगातला कुठलाही पर्यटक बालीचा म्हणून जो एक नाच ओळखतो, तो त्या यादीतच नाही. म्हणजे 'हे प्राचीन आहे' असा दावा करायला बाली तडफडत नव्हतं. तो दावा पत्रकवाल्यांचा आणि आपला. २०१९ साली तर तिथल्या राज्यपालांनी शंभराहून जास्त पवित्र नृत्यांची यादी काढून ती विधीबाहेर करायला मनाई केली.

रेष फार सरळ आहे असं नाही. उबुदकडच्या काही प्रयोगांत केचक संपल्यावर 'सांगह्यांग जारान' जोडतात, म्हणजे काठीच्या घोड्यावर बसून निखाऱ्यांवरून नाचणारा माणूस. तो खरंच अंगात आलेला असतो की अभिनय, हे पायऱ्यांवर बसून कळत नाही. असलं काही तिकीट लावून दाखवावं का, यावर तिथेही वाद आहेत. पण वाद त्यांचा आहे. काय देवापुढे करायचं, काय पाहुण्यांपुढे, काय विकायचं आणि काय अजिबात विकायचं नाही, हे ते लोक पन्नास वर्षं आपसात ठरवतायत, मोडतायत, पुन्हा ठरवतायत. माझ्या मते या नाचाचा अर्थ शोधायचा तर तो इथे शोधावा. त्यांनी देवीला बोलावणाऱ्या मुली घरात ठेवल्या आणि पुरुषांचा आवाज तेवढा बाहेर आणला. आवाज दिला, देव दिला नाही. एखाद्या समाजाला हे इतकं नीट जमलेलं मी फार ठिकाणी ऐकलेलं नाही.

नाच तिथे थांबलाही नाही. सारदोनो कुसुमो या जावाच्या नृत्यकारानं १९७० च्या दशकात तेगेस गावच्या लोकांना घेऊन अगदी वेगळ्या धाटणीचा चक बसवला. आता नुसत्या बायकांचेही चक गट आहेत. काका, तुमच्या हजारो वर्षांत हे कुठे बसवणार? आणि तू रे, यातला जर्मन कोण?

दोघांचं भांडण मला एकाच कारणासाठी सहन होत नाही. एकानं तो नाच उचलून वाल्मीकींना दिला, दुसऱ्यानं श्पीसला. घामेजल्या पाठीचे शंभर पुरुष समोर बसलेले असताना दोघांनाही मालक शोधायला बेटाबाहेर जावं लागलं.

असो. हे सगळं इथे लिहिण्याआधी, काल रात्री काकांना फोन केला होता. पंधरा मिनिटं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जे आमच्या घरात दुर्मिळ आहे. मग म्हणाले,

"बरं, मग काय लिहू म्हणतोस व्हिडिओखाली?"

"काका, निदान त्या माणसाचं नाव तरी लिहा. वायान लिंबाक."

"यातलं आडनाव कुठलं?"

"त्यांच्यात आडनावं नसतात हो. वायान म्हणजे घरातलं पहिलं मूल."

"पहिलं मूल? अरे, म्हणजे निम्म्या बालीचं नाव वायानच असेल!"

"जवळजवळ."

"मग यातला नेमका कुठला वायान, हे लोकांना कसं कळणार?"

"बेदुलुचा म्हणून लिहा."

"थांब, पेन घेतो. बे... दु... पुढे?"